टोपी सैल

तान्ह्याच्या गं कानी
आत्या सांगते गं नाव
वसविते तिथं गाव
माहेराचं

हा आवाज वैजयंतीच्या आत पस्तीस वर्षं टिकून होता. आवाज तिच्या शेवंताआत्याचा. मशेरीनं घोगरा झालेला, काठावर किंचित चिरलेला, तरी आत मध भरलेला. सांगलीकडच्या त्यांच्या घरी धाकट्या निरंजनचं बारसं होतं. पाळण्याला झेंडूच्या माळा, परातीत घुगऱ्या, आणि आत्या बाळाच्या कानाशी ओणवी. मागून बायका 'कुर्रर्र' करत तिच्या पाठीत दणादण धपाटे घालत होत्या. सहा वर्षांच्या वैजयंतीला ते बघवेना.

"आत्या, एवढा मार खाऊन कानात कशाला सांगायचं? मोठ्यानं सांग की."

आत्या पाठ चोळत हसली होती. "मोठ्यानं सांगितलेलं चारचौघांचं होतं, बाय. कानात सांगितलेलं त्याचं एकट्याचं राहतं. आता हा कुठं का जाईना, माझं गाव कानात घेऊन जाईल."

निरंजन गेला तो थेट कॅनडात, लॉर्नव्हेल नावाच्या गावात. तिथं सहा महिने बर्फ आणि सहा महिने बर्फाच्या गप्पा. पाठोपाठ वैजयंतीही तिथं आली, कान तपासण्याचं शिक्षण घेतलं, नोकरी धरली. लग्न तिनं केलं नाही. चार वर्षांपूर्वी निरंजनला मुलगी झाली तेव्हा भाड्याच्या सभागृहात, कागदी झेंडूंच्या माळांखाली, मराठी मंडळातल्या बायकांचे धपाटे खात तिनं बाळाच्या कानात नाव सांगितलं, 'मंजुळा'. आणि कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू ती ओवीही सांगितली. बाळानं डोळे मोठे केले होते. कान असा की केळीचं कोवळं पान उन्हात धरावं. आतली शीर न् शीर दिसत होती.

त्याच कानावर पुढं सगळ्यांची नजर गेली.

*

झालं होतं असं. या देशात दोन राजभाषा, इंग्रजी आणि फ्रेंच. सरकारी शाळेतच, एक पैसा न भरता, मुलाला बालवर्गापासून बहुतेक विषय फ्रेंचमधून शिकता येतात. वर्ग वेगळा, शिक्षक वेगळे. पण फ्रेंच शिकवणारे शिक्षक मिळेनात, वर्ग वाढेनात, आणि आईबापांच्या उड्या मात्र थांबेनात. आधी रांगा लागल्या. उणे वीस तापमानात बाप लोक शाळेच्या दारात झोपायच्या पिशव्या घेऊन बसले. मग सोडत निघाली. सोडतीवर खटले झाले. शेवटी शाळा मंडळानं एक शास्त्रीय तोड काढली: ज्या मुलाच्या कानाला फ्रेंच सर्वांत सहज बसेल, त्याला जागा.

ही सहजता मोजण्याची टोपी वैजयंती मुलांच्या डोक्यावर चढवायची.

नुकतं जन्मलेलं मूल जगातल्या सगळ्या भाषांचं असतं. सहा महिन्यांपर्यंत त्याला चिनी, मराठी, फ्रेंच, कुठल्याही भाषेतले बारीक फरक ऐकू येतात. मग मेंदू काटकसर करू लागतो. घरात जे आवाज रोज येतात त्यांची वाट रुंद करतो, जे येत नाहीत त्यांच्यावर माती लोटतो. टोपीतल्या, मेंदूतली वीज टिपणाऱ्या एकोणीस टिकल्या ती वाट शोधतात. एकाच आवाजाची माळ ऐकवायची, मध्येच एक मणी वेगळा. मेंदूला फरक कळला तर तो दचकतो, पापणी लवायच्या आत, आणि पडद्यावर छोटीशी लाट उठते. मुलानं काही बोलायचं नाही, सांगायचं नाही, समोरचं मुकं कार्टून बघत बसायचं. फ्रेंच मण्यांना जितकी उंच लाट, तितके गुण.

आणि टोपी नीट बसली की नाही हे कसं कळायचं? त्यालाही सोपी युक्ती होती. आईनं आधीच घरून तीन वेळा मुलाचं नाव घेतलेला आवाज पाठवलेला असे. चाचणीच्या सुरुवातीला तो ऐकवायचा. आईच्या आवाजाला उठणारी लाट कधी चुकत नाही. झोपेतल्या मुलाची उठते, तापातल्या मुलाची उठते. ती उठली की टोपी बरोबर बसली.

मग बाजारात फवारा आला.

वाढत्या वयात मेंदूतल्या काही पेशींभोवती एक नाजूक जाळं विणलं जातं, शिकलेलं पक्कं राहावं म्हणून. नाकात मारायचा तो फवारा हे जाळं बेचाळीस दिवसांसाठी उसवायचा. चार वर्षांचा कान पुन्हा चार महिन्यांचा व्हायचा. औषध खरं तर उशिरा ऐकू लागलेल्या बहिऱ्या मुलांसाठी होतं. पण 'ऐकण्यात किंचित मागे' एवढी एक ओळ लिहून देणारे दवाखाने महिन्याभरात उगवले. बेचाळीस दिवस घरात फक्त फ्रेंच लावून ठेवायची, बाकी सगळ्यांनी तोंडं मिटायची. बेचाळिसाव्या दिवशी कानाची ही उघडी खिडकी बंद होताना जे आत असेल ते कायमचं आत. मराठी लोकांनी या औषधाचं नाव ठेवलं 'पाटी'. भाजीच्या दुकानात कोथिंबीर निवडता निवडता बायका विचारायच्या, "तुमच्या चिरंजीवांना दिली का हो पाटी?"

लोक याला दुसरा सव्वा महिना म्हणू लागले तेव्हा वैजयंतीला पहिल्यांदा खटकलं. डिंकाचे लाडू काय करत होते, पाहुणे काय बंद करत होते. बाळंतिणीच्या सव्वा महिन्यात आई बाळाशी अखंड बोलत असते, एवढंच नेमकं ते विसरले होते.

"आम्ही तर बाबांना खाली बेसमेंटमध्येच ठेवलंय सध्या," मराठी मंडळातल्या सबनीसांची सून गेल्या वर्षी चाचणीच्या रांगेत कुणाला तरी सांगत होती. "त्यांना गप्प बसवतच नाही हो. सारखं 'तन्मू, तन्मू'. जेवण देतो ना वेळेवर, टीव्हीपण आहे."

चाचणीच्या दिवशी ते आजोबा आले होते, स्वच्छ पांढरा सदरा घालून. व्यायामशाळेच्या दारातून त्यांनी नातवाला हाक मारली. शाळा मंडळाची ती व्यायामशाळा रबराच्या आणि ओल्या मोज्यांच्या वासानं भरलेली. त्यात आता फवाऱ्याचा वास मिसळला होता, ओल्या खडूसारखा. पोरगं चार हातांच्या अंतरावर उभं होतं. वळलं नाही. आजोबांनी पुन्हा हाक मारली. मग शेजारच्या माणसाकडे बघून ओशाळं हसले.

"रागावलंय माझ्यावर," म्हणाले.

वैजयंतीनं त्या पोराला टोपी घातली. आईचा आवाज ऐकवला. पडद्यावर रेघ सरळ. टोपी दाबली, टिकल्यांना जेल लावलं, पुन्हा ऐकवला. रेघ सरळ, जशी संध्याकाळची विहीर. मग फ्रेंच सुरू झाली आणि लाटांवर लाटा.

तिनं वरिष्ठाला बोलावलं. ग्रेग नावाच्या त्या गृहस्थानं पडदा बघितला. मग त्यानं संगणकावरचे तीन पर्याय तिला दाखवले: 'बरोबर', 'टोपी सैल', 'मूल रडलं'.

"मूल रडलं का?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मग टोपी सैल."

"टोपी सैल असती तर फ्रेंचच्या लाटा कुठून आल्या?"

"वैजयंती, चौथा पर्याय इथं नाही. आणि तू गुप्ततेच्या कागदावर सही केलेली आहेस."

त्या मोसमात तिनं सदतीस मुलांपुढं 'टोपी सैल' लिहिलं. ती मुलं आईला ओळखत होती, तिच्या हातून जेवत होती, तिच्या मागं चालत होती. फक्त तिच्या आवाजाला आता पंख्याच्या आवाजापेक्षा जास्त किंमत नव्हती. पाटी पुसायची तर सगळीच पुसली जाते. एक कोपरा राखून ठेवता येत नाही. सदतिसाव्या मुलानंतर वैजयंती घरी गेली, हात कोपरापर्यंत साबणानं धुतले, आणि तरी जेवताना तिला बोटांना जेलचा वास येत राहिला.

ती कुणाला काही बोलली नाही.

*

संक्रांतीला ती निरंजनकडं गेली. डब्यात तिळाच्या वड्या, अंगावर बर्फ.

"आत्तू!" मंजुळा पळत येऊन गुडघ्यांना बिलगली. "आत्तू, माझा दात हलतो. हा बघ. नाही, हा. आई म्हणते अजून वेळ आहे, पण तो हलतो."

"चार वर्षांच्या बाईचा दात हलतो? दाखव बघू. अगं बाई, खरंच की. आता म्हातारी झालीस तू."

"तू म्हातारी!"

"मी तर आहेच. वडी चाव हळू."

मंजुळा वडी चोखत तिच्या मांडीवर बसली. तिला एक सवय होती. आत्तू बोलू लागली की ती तिच्या गळ्यावर तळहात ठेवायची, आवाज कुठून येतो ते चाचपायला. आताही ठेवला. "बोल," म्हणाली.

तेवढ्यात वैजयंतीला टेबलावरची बाटली दिसली. निळं झाकण, सील तसंच. शेजारी भोपळ्याएवढा गोल पांढरा स्पीकर.

"मंजू, जा, तुझी चित्रं आण आत्तूला दाखवायला," अश्लेषानं लेकीला आत पाठवलं. अश्लेषा म्हणजे निरंजनची बायको. बँकेत कामाला, सगळं वेळच्या वेळी करणारी, पण आज नजर देत नव्हती.

"ताई, तुम्हाला सांगायचंच होतं. उद्या सकाळपासून सुरू करतोय."

"पाटी?"

"सगळेच करतायत."

"अश्लेषा, तिला फ्रेंच कशाला हवीय गं? तुमच्या दोघांच्या सात पिढ्यांत कुणी..."

"ताई, फ्रेंचचा प्रश्नच नाही," निरंजन म्हणाला. तो सोफ्यावर बसून स्पीकरची माहितीपुस्तिका वाचत होता. "सरकारी नोकऱ्या वगैरे ठीक आहे, पण तेही सोड. त्याच शाळेत, त्याच मजल्यावर दोन वर्ग आहेत. फ्रेंचच्या वर्गात डॉक्टरांची मुलं, वकिलांची मुलं. दुसऱ्या वर्गात उरलेली. मला ती उरलेल्यांत नकोय."

"म्हणजे भाषा नको, शेजार हवाय."

"हो! हवाय! त्यात काय चुकलं?"

"आणि बेचाळीस दिवस तिच्याशी कुणी बोलायचं नाही?"

"मादाम बोलेल ना." निरंजननं स्पीकरवर टिचकी मारली. घरात त्याला मादाम म्हणायचं असं ठरलेलं दिसत होतं. "गाणी, गोष्टी, जेवताना, आंघोळीला. ती सगळं करते. तू मात्र ताई, राग मानू नको, पण सहा आठवडे येऊ नको. तुला गप्प बसता येत नाही."

गोड बोला म्हणायचा दिवस, आणि भाऊ तिला तोंड मिटायला सांगत होता. वैजयंतीला सगळं आठवलं. सदतीस सरळ रेघा, पांढऱ्या सदऱ्यातले आजोबा, तीन पर्याय. तिनं तोंड उघडलं.

"निरू, त्या औषधाचं मला जे माहीत आहे ते..."

"तुला काय माहीत आहे, ताई?" तो तिच्याकडं न बघताच म्हणाला. "टोप्या घालतेस तू. तुला मूल असतं ना, तर कळलं असतं आईबाप काय काय करतात."

अश्लेषा "अहो!" म्हणाली. एवढंच.

वैजयंतीनं डब्याचं झाकण लावलं. मंजुळा चित्रं घेऊन आली तेव्हा तिनं सगळी बघितली, एका माशाला तीन डोळे का असं विचारलं, "त्याला मागचं पण दिसतं" हे उत्तर ऐकलं, आणि तिच्या केसांचा वास घेऊन ती निघाली. जिन्यात तिला वाटलं, परत जावं. पण मग वाटलं, टोप्या घालणारीचं कोण ऐकणार? भोगा म्हणावं.

हे 'भोगा म्हणावं' तिच्या मनात आलं होतं. नंतर कितीही धुतलं तरी ते गेलं नाही.

*

छत्तिसाव्या दिवशी मंजुळाचा क्रमांक तिच्याच टेबलाला आला. नात्यातलं मूल असेल तर टेबल बदलून घ्यायचं, असा नियम होता. वैजयंतीनं बदललं नाही.

अश्लेषानं मुलीला खुर्चीवर बसवलं आणि बोट ओठांवर ठेवून वैजयंतीला खूण केली: बोलू नका. पालकांनी पांढऱ्या पट्टीमागं थांबायचं असे. ती मागं सरली. मंजुळा शांत बसली होती. दात पडला होता. 'आत्तू' म्हणाली नाही. तिनं वैजयंतीचा चेहरा ओळखला, थोडी हसली, आणि सवयीनं तळहात तिच्या गळ्यावर ठेवला.

वैजयंती गप्प. हात थोडा वेळ तिथं थांबला, काही येतंय का बघत. मग खाली गेला.

टोपी तिनं इतकी नीट बसवली जितकी आयुष्यात कुणाला बसवली नसेल. एकेक टिकली तपासली, एकोणीसच्या एकोणीस हिरव्या. मग अश्लेषाचा आवाज लावला. "मंजुळा... मंजुळा... मंजुळा..." तिन्ही वेळा नाव थोडं थोडं चढत गेलं होतं, जसं दारातून लांब गेलेल्या मुलाला बोलवावं.

रेघ सरळ.

तिनं पुन्हा लावला. सरळ. संगणक पुढं सरकला, आणि चाचणीतली फ्रेंच बाई बोलू लागली. हा आवाज आणि घरच्या स्पीकरचा आवाज एकाच कंपनीनं बनवलेला, एकच. 'बाँझूर, मा पेतीत', म्हणजे 'नमस्कार, छकुले', एवढंच ती म्हणाली, अजून मण्यांची माळ सुरूही झाली नव्हती. पडद्यावर लाट उठली. ही फरक कळल्याची टोकदार लाट नव्हती. रुंद, उबदार, सावकाश ओसरणारी ती लाट वैजयंतीनं हजार मुलांत पाहिली होती. ती फक्त आईच्या आवाजाला उठते.

समोर ते तीन पर्याय. मागून ग्रेगच्या बुटांचा आवाज येत होता, पुढं पंधरा मुलं रांगेत होती.

तिनं 'टोपी सैल' दाबलं. अडतिसाव्यांदा.

संध्याकाळी निकाल लागला. शंभरात अठ्ठ्याण्णव. जागा मिळाली, मार्चमधल्या पक्क्या चाचणीत एवढेच गुण राहिले तर कायम. निरंजनचा फोन आला. तो रडत होता आनंदानं. "ताई, तुला बोललो ते डोक्यात ठेवू नको हं. रविवारी ये. चाळिसावा दिवस आहे, सव्वा महिना सुटतो. मंडळातल्या बायकांनी दुसरं बारसं करायचं ठरवलंय. आत्याशिवाय बारसं कसं होणार?"

मग फोन अश्लेषानं घेतला. आवाज खाली करून बोलू लागली, बहुतेक न्हाणीघरातून.

"ताई, एक विचारू? तुम्ही तपासलंत ना तिला. सगळं ठीक आहे ना?"

"का गं?"

"काल ती पायरीवरून पडली. गुडघा फुटला. मी धावले, उचलायला गेले, विसरून 'अगं माझ्या सोन्या' म्हणून गेले. आणि ती... ती माझ्या हातातून सुटून स्पीकरकडं गेली. त्याला मिठी मारून रडली. मी मागं उभी होते. माझ्याकडं बघितलं तिनं, नाही असं नाही. पण दुकानातल्या बाईकडं बघावं तसं."

आता बोल, वैजयंतीनं स्वतःला सांगितलं. आता. पण आता बोलायचं म्हणजे हेही बोलायचं की त्या दिवशी का नाही बोललीस. ते शब्द दातांमागं येऊन थांबले, घाणेरड्या पाण्यासारखे.

"थकली असेल," ती म्हणाली.

*

रविवारी दिवाणखान्यात कागदी झेंडूंच्या त्याच माळा होत्या. मंडळातल्या दहा-बारा बायका, परातीत घुगऱ्या, केकवर फ्रेंचमध्ये काहीतरी लिहिलेलं. पाहुण्यांनी मुलीजवळ मराठी बोलायचं नाही म्हणून सगळ्या स्वयंपाकघरात दाटीवाटीनं कुजबुजत होत्या आणि तिथंच खिदळत होत्या.

"नाव काय ठेवताय मग?"

"मानों," निरंजन म्हणाला. "शाळेत सोपं पडेल. आणि मंजूशी जुळतं."

"मानों तो ठीक, न मानों तो..."

"अहो काकू, हळू! मुलगी ऐकेल!"

सबनीसांची सूनही आली होती. तिच्या तन्मूला वर्षभरापूर्वीच जागा मिळाली होती. "आमचा तर आता घरी बोलतच नाही फारसं," ती घुगऱ्यांची चव घेत म्हणाली. "पण शाळेत बोलतो म्हणे. मीठ बरोबर आहे बरं का."

वैजयंतीला त्या परातीकडं बघवेना. शिजलेल्या चण्यांची साल सुटून वर आली होती, पांढुरकी, ओली.

मंजुळाला उंच स्टुलावर बसवलं. नवा फ्रॉक, केसात गजरा. पाळण्यात मावायचं वय गेलं म्हणून स्टुलालाच माळा बांधल्या होत्या. तिच्या मांडीवर तो पांढरा गोल स्पीकर, आणि तिचे दोन्ही हात त्याच्याभोवती. मादाम हलक्या आवाजात काहीतरी गात होती. मंजुळानं गाल त्याला लावला होता.

निरंजन वैजयंतीच्या कानाशी आला. "ताई, तू फक्त स्पीकर तिच्या कानाशी धर. नाव मादामच सांगेल. उच्चार बिघडायला नको. बायका नुसतं 'कुर्रर्र' करतील, त्याला काही भाषा नसते. फोटो छान येईल."

"म्हणजे आत्या ती."

"कोण?"

"ती." तिनं स्पीकरकडं बोट केलं. "मी नुसता तिला ठेवायचा पाट."

"ताई, आजच्या दिवशी नको ना."

बायकांनी घेर धरला, मुठी वळल्या. मंजुळाच्या मांडीवरचा स्पीकर उचलून तिच्या कानाशी धरत वैजयंती ओणवी झाली. मंजुळाच्या कानाची पाळी तिच्या तोंडाशी आली. अजूनही तशीच कोवळी, अजूनही आतली शीर दिसणारी. आणि आत बेचाळीस दिवसांची उघडी खिडकी, तिचे दोनच दिवस उरलेले. पस्तीस वर्षांपूर्वीचा घोगरा आवाज तिला ऐकू आला, जितका स्पष्ट पाठीमागचा 'कुर्रर्र' ऐकू येत होता तितकाच. पहिला धपाटा पाठीत बसला. दुसरा. हातातला स्पीकर कोमट होता, जिवंत वस्तूसारखा. तिला शिसारी आली. त्याची, माळांची, घुगऱ्यांची, आणि सगळ्यांत जास्त स्वतःच्या मिटलेल्या तोंडाची.

तिनं स्पीकरचं बटण दाबलं. मादाम गाता गाता थांबली.

मंजुळानं दोन क्षण वाट पाहिली. मग ती रडू लागली, हात पुढं करून, त्या पांढऱ्या गोळ्यासाठी. बायकांच्या मुठी हवेतच राहिल्या.

"मंजू!" अश्लेषा सगळं विसरून ओरडली. "मंजुळा! बाळा, मी आहे ना. इकडे बघ. इकडे!"

मुलगी वळली नाही. तिचे डोळे स्पीकरवर खिळले होते.

"ताई, काय करतेस तू? लाव ते!" निरंजन पुढं आला.

वैजयंतीनं स्पीकर पाठीमागं धरला आणि ती ताठ उभी राहिली. कानात सांगायचं आता काही उरलं नव्हतं. जे होतं ते चारचौघांतच सांगायचं होतं.

"अश्लेषा, ती थकलेली नव्हती. मी खोटं बोलले. तुझा आवाज तिला ऐकवला तेव्हा तिच्या आत काही उठलं नाही. या डबड्याचा ऐकवला तेव्हा उठलं. जे तुझं होतं, ते."

"ताई, पुरे..."

"नाही पुरे. निरू, दोन दिवस आहेत. मंगळवारी खिडकी मिटते. तोवर बोला तिच्याशी. गा, ओरडा, भांडा, काहीही करा, पण स्वतःच्या तोंडानं करा. जागा जाईल. मार्चमध्ये अठ्ठ्याण्णव येणार नाहीत. जाऊ दे ती जागा."

अश्लेषानं मुलीला उचलून छातीशी धरलं होतं. मुलगी सुटायला बघत होती. "तुम्हाला कसं माहीत?" अश्लेषानं विचारलं. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की स्वयंपाकघरातल्या नळाची टिपटिप त्याच्यापेक्षा मोठी वाटली. "ताई, तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

सबनीसांची सून घुगऱ्यांची वाटी हातात धरून उभी होती. वैजयंतीनं आधी तिच्याकडं बघितलं, मग भावाकडं, मग त्या रडणाऱ्या पोरीकडं.

"गेल्या वर्षापासून. सदतीस मुलांपुढं मी 'टोपी सैल' लिहिलं. सबनीसांच्या तन्मूपुढंही मीच. कुणाचीच टोपी सैल नव्हती. आणि संक्रांतीला ती बाटली या टेबलावर होती, सील न तोडलेली, तेव्हा मला सगळं माहीत होतं. निरूचा एक टोमणा मला लागला, म्हणून मी डब्याचं झाकण लावलं आणि घरी गेले."